वाकडं पावणे

ताई, हॉस्पिटलातल्या नर्सनं मला तुझी वेळ सांगितली, "ट्वेल्व्ह फॉर्टी-फाइव्ह." मी म्हटलं, "पाऊण." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "पाऊण वाजला होता." तिनं हातातल्या कागदाकडं पाहिलं आणि मला शांतपणे समजावलं, "नाही काका, एक वाजायला पंधरा मिनिटं कमी होती." मराठी मुलगी होती. आणि मी, तुझा सख्खा भाऊ, तू आत चादरीखाली असताना बाहेरच्या बाकावर बसून तिला पाऊण म्हणजे काय ते शिकवत होतो. चार भागांतले तीन झाले की पाऊण. बायको माझा दंड धरून ओढत होती. मला थांबताच येईना. ती नर्सही बिचारी ऐकत उभी राहिली.

तिसरा ठिपका हवा होता तुझ्या घड्याळावर. दीडला एक, अडीचला एक आणि पाऊणला एक. मी किती वेळा सांगितलं तुला. तू म्हणायचीस, "मुलं पावणेएक म्हणतात रे, चालतं ते, त्यात चूक काही नाही." चालत नाही. बघितलंस ना, चालत नाही ते.

लोक भेटायला येतात आणि सांगतात, रडून घे, मोकळा हो. मला रडू येत नाही, चीड येते. तुझी येते, त्या कंपनीची येते, कायद्याची येते, आणि माझी किती येते ते सांगायलाच हा कागद पुढ्यात घेतलाय. तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून अर्ध्यावर लटकलंय. त्यातलं शेवटचं वाक्य माझं होतं. ते मला परत घ्यायचंय आणि घ्यायला समोर कुणी नाही.

म्हणून मी पहिल्यापासून लावून बघतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक. वर्गात तूच सांगायचीस ना, गणित चुकलं की पहिल्या ओळीपासून तपासायचं.

घाटकोपरच्या आपल्या दोन खोल्या. बाबा मिलमध्ये, आई दिवसभर चुलीशी आणि पाहुण्यांशी. गावाहून कोण ना कोण यायचंच, नोकरी शोधायला नाहीतर डॉक्टरला दाखवायला. दारात सावली दिसली की आई आतून ओरडायची, "पावणे इले गो, च्याय ठेव!" मी दुसरीत होतो, तू नववीत. मला घड्याळ वाचता येत नव्हतं. म्हणजे तीन वाजले, चार वाजले एवढं यायचं, पण मधलं सगळं धुकं होतं. पावणेतीन म्हटलं की तीन तर अजून वाजलेले नाहीत, मग त्यांचं नाव आधीच का घ्यायचं, हे माझ्या डोक्यात शिरेना. गुरुजींनी दोनदा कान पिळला. मी रडत घरी आलो.

तू मामीच्या लग्नातल्या साडीच्या बॉक्सचं झाकण घेतलंस. ताटली उपडी ठेवून गोल काढलास. कडेनं एक ते बारा. मग आतल्या बाजूला, मोठा काटा जिथं जातो तिथं चार शब्द: वर 'वाजले', उजवीकडं 'सव्वा', खाली 'साडे', डावीकडं 'पावणे'. मोठा काटा शब्द दाखवणार, लहान काटा आकडा दाखवणार, दोन्ही जोडून वाचायचं. एक आणि दोनच्या मध्ये आईच्या कुंकवाचा ठिपका दिलास आणि खाली लिहिलंस 'दीड'. दोन आणि तीनच्या मध्ये दुसरा ठिपका, 'अडीच'. "लहान काटा कुंकवावर बसला की साडे म्हणायचं नाही, विनू. इथं त्याला स्वतःचं नाव आहे."

बॉक्सच्या झाकणाला डाव्या बाजूला घडी पडलेली होती. नेमकं तिथंच 'पावणे' आलं आणि ते वाकडं झालं, पुढं झुकलं. मी हसलो. म्हटलं, "ताई, पावणे पडतायत." तू म्हणालीस, "पडत नाहीत, घाईत आहेत. आईचे पावणे कसे वेळेच्या आधी दारात उभे असतात? तसे हे. तीन वाजायच्या आधीच येऊन तीनच्या दारात उभे. म्हणून तीनचं नाव." त्या दुपारी मला पावणे कळलं. अडीच मात्र पुढचे दोन महिने कळलं नाही. मी साडेदोनच म्हणायचो आणि तू चिमटा काढायचीस.

पुढं तू डी.एड. केलंस, शिक्षिका झालीस, लग्न होऊन परबांची सुनंदा घाडी झालीस आणि शाळेत घाडीबाई. दर वर्षी जूनमध्ये नवा पुठ्ठा, नवा तक्ता. कुंकवाच्या जागी लाल रंग आला. पण 'पावणे' तू दर वर्षी वाकडंच लिहिलंस, पट्टी लावून, मुद्दाम. सगळी नोकरी तो तक्ता घाटकोपरच्या त्या वर्गाच्या भिंतीवर होता, खिडकी आणि फळ्याच्या मध्ये. मुलं बदलली, बाकं बदलली, तो तिथंच.

तू निवृत्त झालीस आणि मला अक्कल सुचली. अंधेरीच्या आमच्या प्रेसमध्ये मी आयुष्यभर औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावली, तेव्हा एवढं मला जमणार होतं. तुझा तक्ता मी रुपयाएवढा लहान केला, छापला, आणि मुलुंड स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून तुझ्या जुन्या मनगटी घड्याळात बसवून घेतला. तू ते हातात बांधलंस आणि दिवसभर विनाकारण वेळ बघत राहिलीस. मी म्हटलं, "ताई, याचं पेटंट काढू या."

पेटंट हा माझा शब्द. दळवी वकील पहिल्या भेटीपासून सांगत होते, पेटंट यंत्राचं असतं, युक्तीचं असतं. तबकडी दिसते कशी, याची नोंद होते ती डिझाइन म्हणून. तरी मी शेवटपर्यंत पेटंटच म्हणत राहिलो. तू म्हणायचीस, "पेटंट म्हणजे एखाद्याची सवय रे. तुझ्या भाऊजींची पेटंट शिंक असते तशी. माझं पेटंट काय, तर लाल पेन." हसलो होतो आपण.

अर्ज मी भरला. त्यात एका ठिकाणी लिहून द्यायचं होतं की हे डिझाइन नवीन आहे, पूर्वी लोकांसमोर आलेलं नाही. मी लिहून टाकलं. सगळे लिहितात. मला खरोखर वाटलं की लोकांसमोर म्हणजे दुकानात, पेपरात, टीव्हीवर. दुसरीतली पोरं म्हणजे काय लोक? सही करताना तू विचारलंस, "वाचू का?" मी म्हटलं, "मी वाचलंय ना." दुधाच्या पिशवीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचणारी तू, तेवढ्या एकाच कागदावर न वाचता सही केलीस, कारण तो मी आणला होता. हे मला तेव्हा कळलं नाही. आता रोज कळतं.

कोलकात्याच्या नोंदणी कार्यालयातून प्रमाणपत्र आलं. तू ते भाऊजींच्या फोटोशेजारी लावलंस. वर्षभरानं कांदिवलीच्या मॉलमध्ये मी मेव्हण्याच्या मुलीसाठी काहीतरी घ्यायला गेलो आणि काचेच्या कपाटात मला तुझं घड्याळ दिसलं. पट्टा निळा, बाकी सगळं तुझं. सव्वा, साडे, दीडचा लाल ठिपका, अडीचचा लाल ठिपका. आणि डाव्या बाजूला पुढं झुकलेलं पावणे. दुकानातली मुलगी म्हणाली, "सर, मराठी टाइम आहे, खूप ट्रेंडिंग आहे." माझे कान तापले. मी तिथूनच तुला फोन लावला. तू पहिला प्रश्न विचारलास, "पावणे वाकडं आहे?" मी म्हटलं, "वाकडं आहे! चोरलंय साल्यांनी!" तू म्हणालीस, "अरे वा." मला वाटलं, धक्क्यानं बोलतेयस.

मग दळवी वकील, नोटीस, दावा, दिंडोशीचं कोर्ट. तू मुलुंडहून आणि मी कांदिवलीहून. तू दर वेळी अर्धा तास आधी येऊन बाकावर बसलेली, पर्स मांडीवर, जणू पालकसभा आहे. मी वेळेवर यायचो आणि तरी उशिरा आल्यासारखं वाटायचं. कंपनीच्या वकिलाला दर वेळी मुदत हवी असायची. बायकोला मी सांगून ठेवलं होतं, केस जिंकली की घड्याळावर ताईचं नाव येणार. तबकडीवर, बाराच्या खाली, बारीक अक्षरात. मला तेवढंच हवं होतं. तुझं नाव कुठंतरी छापलेलं बघायचं होतं. मी आयुष्यभर गोळ्यांची नावं छापली, ताई.

शेवटी कंपनीचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, हे डिझाइन नवीन नव्हतंच. नोंदणीच्या कितीतरी आधीपासून ते एका शाळेच्या भिंतीवर सगळ्यांसमोर होतं आणि आमचा डिझायनर महेश लहानपणी ते रोज बघत असे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. चोरानंच सांगायचं, हो, मी तुमच्याच घरातून नेलं, पण तुमचं दार उघडं होतं. आणि दळवी म्हणाले, कायदा असाच आहे. नोंदणीच्या आधी तुम्ही स्वतःच ते चारचौघांना दाखवलं असेल, तर ते तुमचं राहत नाही. म्हणजे जी बाई तक्ता कपाटात कुलूप लावून ठेवेल तिचा तो राहील, आणि जी मुलांना शिकवेल तिचा जाईल. मी टेबलावर हात आपटला.

तू काय केलंस? तू उत्तराचा कागद ओढून घेतलास, चष्मा वर केलास आणि म्हणालीस, "महेश? म्हणजे आपल्या वर्गातला आहे हा! कुठल्या वर्षीचा?" तुझा चेहरा असा उजळला की मला तिथंच कळायला हवं होतं, आपण हरलो.

दळवी म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. त्यांच्याकडं फोटो नाही, कागद नाही, एका माणसाचं म्हणणं आहे फक्त. आपण प्रतिज्ञापत्र देऊ. तुम्ही नाही म्हणा, विषय संपला." कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. तुला नीट समजावं म्हणून त्यांनी मसुदा मराठीत टाइप करून आणला आणि तुझ्यापुढं ठेवला. या वेळी तू वाचलास.

तो कागद माझ्याकडं आहे. आत्ताही समोर आहे. टाइप केलेलं वाक्य असं: 'सदर डिझाइन नोंदणीपुर्वी कोणत्याही ठिकाणी प्रसिध्द अथवा प्रदर्शित करण्यात आलेले नव्हते.' तू पर्स उघडलीस आणि लाल पेन काढलंस. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लाल पेन पर्समध्ये होतं. आधी 'पुर्वी'चा उकार दीर्घ केलास. मग 'प्रसिध्द'मधलं जोडाक्षर सुधारलंस. दळवी हसले, म्हणाले, "टायपिस्टची चूक, मॅडम." तू मान हलवलीस आणि 'नव्हते' खोडून वर लिहिलंस 'होते'. मग वाक्य जुळेना, म्हणून 'कोणत्याही ठिकाणी' खोडलंस आणि लिहिलंस 'शाळेच्या भिंतीवर'. शेजारी समासात बरोबरची खूण केलीस. सवयीनं.

"मॅडम, हे काय केलंत?"

"चूक होती."

"अहो, पण केस जाईल ना!"

"जाईल तर जाईल. तो मुलगा माझ्या वर्गात होता हो. तो म्हणणार, बाईंनी शिकवलं. आणि बाई शपथेवर म्हणणार, मी नाही शिकवलं?"

दळवींनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीकडं पाहिलं. पुढच्या तारखेला दावा मागे घेतला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. ते धुपाटणं म्हणजे भाऊजींच्या शेजारचं प्रमाणपत्र. तेही तू स्वतःच काढून ठेवलंस.

तुला घरी सोडायला घेतलेली रिक्षा पवईला अडकली होती. समोर मेट्रोच्या कामाचे पत्रे, मागं हॉर्न. दिंडोशीपासून तिथपर्यंत मी तोंड बंद ठेवलं होतं. तू म्हणालीस, "विनू, रागावलास?" आणि माझा बांध फुटला. मी काय काय बोललो. म्हटलं, मी दोन वर्षं रजा टाकून फिरतोय. म्हटलं, त्यांना घड्याळ मिळालं, त्याला पगार मिळाला, तुला काय मिळालं? शाबासकी? तुला घड्याळ नको होतंच, तुला बाई म्हणून कुणीतरी ओळखायला हवं होतं. तू म्हणालीस, "अरे, असं काय बोलतोस, मी तुझ्यासाठीच तर..." मी तुझं वाक्य तोडलं. मी म्हटलं, "तू जन्मभर बाईच राहिलीस, ताई. बहीण कधी झालीच नाहीस."

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. तू पदर नीट केलास आणि बाहेर बघायला लागलीस. मुलुंडला उतरताना एवढंच म्हणालीस, "घरी पोचलास की फोन कर." मी केला नाही.

त्यानंतर सात महिने. तू फोन करायचीस, मी हो-नाही करायचो. रक्षाबंधनाला मी बायकोला पाठवलं. तू सांगायचीस, "रविवारी ये ना जेवायला. पावणेबाराला ये, गरम वाढीन." मी म्हणायचो, "बघू." आपल्या मराठीत बघू म्हणजे नाही, आणि ते तुलाही ठाऊक होतं. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा, "पावणेबाराला ये." अगं, एकदा तरी चिडायचंस माझ्यावर! एकदा तरी म्हणायचंस की विनू, तू अर्ज वाचून दाखवला असतास तर मी सहीच केली नसती. नाही म्हणालीस. तुझ्या हातात ते होतं आणि तू ते वापरलं नाहीस. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

परवा मुलुंडला तुझं सामान आवरायला गेलो होतो. एकटाच. बेल वाजली. दारात तिशी उलटलेला माणूस, ऑफिसची बॅग, हातात तेच निळ्या पट्ट्याचं घड्याळ. म्हणाला, "मी महेश. बाईंच्या वर्गात होतो. ग्रुपवर आत्ता कळलं." मी विचार करून ठेवला होता, हा माणूस कधी भेटला तर काय काय बोलायचं. कांदिवलीच्या मॉलपासून तोंडपाठ होतं. आणि तोंडातून निघालं, "या, बसा." पावणे ते पावणे.

तो तुझ्या खुर्चीत बसला नाही, खाली स्टुलावर बसला. म्हणाला, "बाईंनी मला फोन केला होता. केस संपल्यावर."

मला ठाऊक नव्हतं. "काय म्हणाली?"

"मला वाटलं, आता शिव्या पडणार. माझी फुल वाट लागली होती, काका. त्या म्हणाल्या, महेश, तुमच्या घड्याळावर 'अडिच' लिहिलंय. ड ऱ्हस्व नाही, दीर्घ. दुसरी वेलांटी. मग आम्ही पुढच्या लॉटमध्ये बदललं."

तुला काय म्हणू मी? ज्यांनी तुझं घड्याळ नेलं त्यांचं शुद्धलेखन तू तपासून दिलंस! मी कपाळावर हात मारला. तो घाबरला, उठायला लागला. मी त्याला बसवलं आणि जे मला खरोखर विचारायचं होतं ते विचारलं. "बाकीचं सोड. पण ते पावणे का वाकडं काढलंस? ते तरी सरळ करायचंस. ते वाकडं दिसलं म्हणून तर पकडलं ना तुम्हाला."

तो माझ्याकडं बघत राहिला. "वाकडं म्हणजे?"

"वाकडं म्हणजे वाकडं. पुढं झुकलेलं."

त्यानं घड्याळ बघितलं. मग खिशातलं पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, सव्वा, साडे, पावणे. पहिले दोन सरळ, तिसरा शब्द पुढं झुकलेला. "असंच लिहितात ना, काका?" तो म्हणाला. "बाईंनी पण हेच विचारलं होतं फोनवर. मी म्हटलं, पावणे असंच लिहितात. तर त्या हसायला लागल्या, थांबेचनात. आमच्या वर्गातले सगळे असंच लिहितात."

त्यानं चोरलं नव्हतं, ताई. वाकडं पावणे कुणा एकाचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. आपण कुणाकडून तरी आडवी मात्रा द्यायला शिकतो आणि जन्मभर तशी देतो, तसं त्यानं केलं होतं. कंपनीचं मला अजून पटत नाही, पटणारही नाही. बाकीच्या मोठ्या लोकांना तरी कळायला हवं होतं. पण या माणसावर धरून ठेवलेला राग मी कुठं ठेवू, मला कळेना.

जाताना दारात त्यानं विचारलं, "तुम्ही विनू ना?" मी म्हटलं, "विनायक." तो लाजला. "नाही, म्हणजे, बाई वर्गात तुमचं नाव घ्यायच्या. कुणी साडेदोन म्हटलं की बाई पट्टी आपटायच्या आणि म्हणायच्या, आला बघा विनू! अख्खा वर्ग हसायचा. मग आम्ही कुणी चुकलं की विनू म्हणायला लागलो. सॉरी हां."

तो गेल्यावर मी दार लावलं आणि तिथंच उभा राहिलो. सगळी नोकरी, दर वर्षी, दर वर्गात तू मला घेऊन जात होतीस, आणि मी रिक्षात तुला काय म्हणालो.

मग खिशातली डायरी काढली. कशासाठी काढली माहीत नाही. कदाचित मला शंका आली होती. कोर्टाच्या तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'पावणेअकरा, दिंडोशी, ताईला भेटणे.' मी ते पान खिडकीशी नेलं. चष्मा लावला, काढला. ताई, माझं पावणे वाकडं आहे. मागची पानं चाळली. गॅसवाला पावणेनऊ, डॉक्टर पावणेसहा, सगळी वाकडी. पन्नास वर्षं मी पावणे वाकडं लिहितोय आणि मला पत्ता नाही. अक्षरं लावण्यात आयुष्य गेलं माझं!

म्हणजे ते डिझाइन पहिल्यांदा शाळेच्या भिंतीवर आलंच नव्हतं. तुझीही चूक झाली, लाल पेनानं केलेली. ते आलं घाटकोपरच्या दोन खोल्यांत, रडून डोळे सुजलेल्या एका पोरासमोर. महेश नंतरचा. तू बाई झालीस त्याच्या आधी माझी बहीण होतीस, आणि बहीण होतीस म्हणून बाई झालीस. 'मी तुझ्यासाठीच तर' एवढं म्हणालीस आणि मी तुला पुढचं बोलू दिलं नाही. पुढं काय होतं, ते मला आता मेल्याशिवाय कळणार नाही.

तुझा तो दुरुस्त केलेला कागद मी उलटा केला. मागची बाजू कोरी आहे. आज पुन्हा इथं येऊन तुझ्या टेबलावर, तुझ्याच पेनानं लिहितोय. दळवींना दाखवणार नाही.

मी, विनायक परब, शपथेवर सांगतो की सदर डिझाइन प्रसिद्ध झालेलं होतं. साडीच्या बॉक्सच्या झाकणावर, मी दुसरीत असताना. पहिल्यांदा ते मी पाहिलं. ते नवीन आहे असं अर्जात मी लिहिलं आणि सुनंदा घाडी यांना ते वाचू दिलं नाही, ही चूक माझी. त्यांना रिक्षात मी जे बोललो ते खोटं होतं. ते मी मागे घेतो.

स्थळ, मुलुंड. समोर तुझं घड्याळ आहे, मी बसवून दिलेलं, अजून चालतंय. लहान काटा दुसऱ्या लाल ठिपक्यावर आहे, मोठा 'साडे'वर. वेळ लिहितो: दुपारचे साडेदोन.

साडेदोन, ताई. मुद्दाम लिहिलंय, ठळक लिहिलंय. लाल पेन इथंच ठेवलंय, टोपण काढून. आपट पट्टी. म्हण ना, आला बघा विनू.